मागच्या बाजूचा फ्यूज

“मास्तर, आणखी किती वेळ? तिकडं आमची आई गाडीला ओवाळायची म्हणून खोळंबलीय, आणि तुमचा पाना काय थांबत न्हाई.”

“थांबणार नाही,” व्हॅनच्या मागच्या दारातून डोकं बाहेर न काढता मी म्हणालो. “एका गाडीत दोन बॅटऱ्या नांदवायच्या तर मधली भिंत नीट बांधावी लागते.”

“बांधा, बांधा. गिलावा पण करा. सुजाताचं माहेर काय पळून जात न्हाई.”

उदय रेडेकर असा बोलायचा. वयाने अठ्ठावीस, अंगाने किरकोळ, आणि संगीताची आवड मात्र चार माणसांची. आजऱ्याच्या स्टँडमागे माझं वाहनांच्या विजेच्या कामाचं दुकान होतं. ही गोष्ट दोन हजार दोन सालच्या फेब्रुवारीतली. मी तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होतो. कोल्हापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन सोळा वर्षं प्रशिक्षण संस्थेत निदेशक म्हणून काढलेली, त्यामुळे दुकान टाकल्यावरही लोक मला हेरवाडकर मास्तरच म्हणत.

उदयने आपल्या व्हॅनमध्ये दोन मोठे वूफर आणि एक दणकट अ‍ॅम्प्लिफायर बसवला होता. हळदीला, वरातीला तो ती गाडी घेऊन जाई. आवाज चढवला की प्रत्येक ठेक्यासरशी पुढचे दिवे मिणमिणत आणि कार्यक्रम संपल्यावर गाडी ढकलून सुरू करावी लागे. त्यावर उपाय एकच होता: मागच्या आसनाच्या पाठीशी, लाकडी पेटीत, केवळ गाण्यासाठी दुसरी बॅटरी. इंजिन चालू असताना दोन्ही एकत्र भरल्या जाव्यात आणि बंद होताच वेगळ्या व्हाव्यात, म्हणून मध्ये एक रिले. त्याच्या बायकोला, सुजाताला, सातवा महिना लागला होता. आंबोलीचा घाट उतरून तिच्या माहेरी डोहाळजेवणाला जायचं होतं. सासुरवाडीच्या दारात गाडी उभी राहताच गाणं दणकलं पाहिजे, अशी उदयची हौस होती.

माझी कामाची एक पद्धत होती. एका कामाला लागणारे सगळे भाग मोजून मी स्टीलच्या ताटात काढायचो. रिले, लग, क्लँप, स्क्रू, फ्यूज, जे काही असेल ते. ताट रिकामं झालं की काम संपलं. संस्थेतल्या मुलांनाही मी हेच शिकवलं होतं. शिवाय चौदा ओळींचं एक छापील कार्ड असे. प्रत्येक ओळीपुढे खूण झाल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर जात नसे.

या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन फ्यूज. पुढच्या बॅटरीपासून मागच्या बॅटरीपर्यंत अंगठ्याएवढी जाड केबल जाते. ती मध्ये कुठे सोलली आणि गाडीच्या पत्र्याला टेकली, तर प्रवाह दोन्ही बाजूंनी धावतो. पुढचा फ्यूज पुढच्या बॅटरीला थांबवतो, मागच्या बॅटरीला थांबवणं त्याच्या हातात नसतं. म्हणून एक फ्यूज इकडे आणि एक तिकडे, दोन्ही आपापल्या बॅटरीपासून वीतभराच्या आत.

पुढचा मी बसवला. मागचा बसवण्यापूर्वी रिले नीट काम करतो का हे पाहायचं होतं, म्हणून मागची केबल चाचणीपुरती थेट बॅटरीवर लावली आणि नट हातानेच पिरगाळला. उदयला इंजिन सुरू करायला सांगितलं. रिलेचा टक् असा आवाज ऐकायला पुढे गेलो. आवाज आला. पुढच्या केबलचा एक क्लँप सैल वाटला, म्हणून गाडीखाली शिरलो. त्यात दहा-बारा मिनिटं गेली असतील.

बाहेर आलो तेव्हा उदयची आई, तानूमावशी, व्हॅनपुढे उभ्या होत्या. हातात तबक, तबकात निरांजन, हळदकुंकू, सुपारी. गाडीच्या कपाळावर त्यांनी स्वस्तिक रेखलं होतं.

“मावशी, हे तर माझं ताट.”

“घेतलं बाई. दुसरं काय दिसंना. धुऊन देते की.”

“राहू द्या,” मी हसून म्हणालो. “ताट मोकळं झालं म्हणजे माझं कामही झालं.”

मागे जाऊन पाहिलं, तर पेटीचं झाकण लावलेलं होतं.

“मीच आवळलं,” उदय म्हणाला. “चारी स्क्रू. तेवढीच तुम्हाला मदत.”

मी कार्ड काढलं आणि उरलेल्या ओळींपुढे खुणा केल्या.

तानूमावशी पुढे बसल्या, सुजाता मागच्या आसनावर. पाय लांब करता यावेत म्हणून उदयने आसन हातभर मागे सरकवून परत बोल्ट आवळले.

“हळू. चटईखालून केबल गेलीय,” मी म्हणालो.

सुजाताने पाय वर घेतले. “काका, दाबली बिबली तर काय होणार न्हाई न्हवं?”

“दाबली तर फ्यूज जाईल आणि ह्याचं गाणं बंद पडेल. तुला काही होणार नाही.”

“म्हणजे बरंच की!” ती म्हणाली, आणि सगळे हसले. साडेअकराला गाडी निघाली. स्टँडच्या वळणापलीकडे गेली तरी तिचा ठेका ऐकू येत होता.

मी हात धुतले. चहा आला होता. कप घ्यायला फळीवर हात घातला, तर कपात काहीतरी वाजलं. काळा फ्यूजहोल्डर, त्यात बसवलेला ऐंशी अँपिअरचा फ्यूज आणि दोन स्क्रू. औक्षणासाठी ताट मोकळं करताना मावशींनी माझी वस्तू हरवू नये म्हणून ती व्यवस्थित कपात ठेवली होती.

मला आठवते ती एकच गोष्ट. मागे सरकवलेल्या आसनाचा लोखंडी पाय नेमका कुठे येतो, त्याचं चित्र माझ्यासमोर आलं. तो केबलवर येत होता.

उदयकडे मोबाइल नव्हता. आमच्या भागात तेव्हा तो फार थोड्यांकडे होता. आंबोलीत घाट सुरू होण्याआधी माझ्या ओळखीचं एक हॉटेल होतं. समोरच्या बूथवरून मी तिथे फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लाइन व्यस्त लागली, चौथ्यांदाही. बारा वाजायला आठ मिनिटं कमी होती.

शेजारी दस्तगीर मुल्लाचं पंक्चरचं दुकान होतं. पन्नाशीचा माणूस, एका ट्रकच्या टायरवर बसला होता.

“दस्तगीर, तुझी मोटरसायकल दे.”

“तुम्हाला? मास्तर, तुम्ही स्कूटरवर बसला तर म्हशी ओव्हरटेक करून जात्यात.”

“मग तू चल. रेडेकराची गाडी घाटाच्या आधी थांबवली पाहिजे.”

“का? काय राहिलं?”

मी हातातली वस्तू दाखवली. त्याला ती ओळखता आली नाही, तरी तो टायरवरून उठला. हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून त्याने किक मारली.

गवसे गाव मागे पडलं. रस्ता खडबडीत होता. प्रत्येक खड्ड्याला मी मनात त्या आसनाचा पाय उचलला जाताना आणि परत केबलवर आपटताना पाहत होतो. रबराचं आवरण जाड असतं. किती दणके सोसेल? मी हिशेब मांडून पाहिला. आयुष्यभर मी हिशेबाने काम केलं होतं. त्या दिवशी हिशेबाला आकडेच नव्हते.

“मास्तर, नीट सांगा,” दस्तगीर मान वळवून ओरडला. “आग लागंल?”

“लागू शकते.”

“लागू शकते म्हणजे? तुम्ही शाळेत असल्यासारखं बोलू नका!”

“केबल सोलली तर लागेल. आसन फोमचं आहे. खाली पेट्रोलची टाकी आहे. आणि सुजाता त्याच आसनावर आहे.”

त्याने गाडी आणखी पिळली. “पण ही डबी राहिली कशी? तुमचं ते ताट असतंय न्हवं?”

“तानूमावशींनी ओवाळायला घेतलं. त्यातलं सामान कपात काढून ठेवलं.”

“हात्तिच्या! मग ती चूक म्हातारीची. तुम्ही कशाला जिवाला लावून घेतासा?”

ताट मावशींच्या हातात पाहिलं होतं मी. सामान कुठे ठेवलं, हे एक वाक्य विचारायचं होतं. पेटीचं झाकण दुसऱ्याने लावलं हेही मला कळलं होतं, चार स्क्रू काढून आत पाहायला दोन मिनिटं लागली असती. कार्डावरची बारावी ओळ ‘मागील फ्यूज, प्रत्यक्ष पाहून’ अशी होती. ती ओळ मीच लिहिली होती. तिच्यापुढे मी न पाहता खूण केली होती.

पुढे एका ठिकाणी रस्त्यात मेंढरं आडवी आली. दीडेकशे असतील. दस्तगीर हॉर्न वाजवत, शिव्या देत आत घुसू पाहत होता. मेंढपाळ शांतपणे म्हणाला, “वाट देतील, पावनं. त्यास्नी घाई न्हाई.” मी उतरून हातांनी मेंढरं बाजूला सारू लागलो. तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. आम्हाला चार मिनिटं लागली. मी घड्याळ पाहत होतो, म्हणून सांगतो.

आंबोलीच्या तपासणी नाक्यावर दस्तगीरने पाय टेकले.

“पांढरी व्हॅन गेली का? गाणी वाजवत?”

“गेली की,” नाकेवाला कानात बोट घालून म्हणाला. “अजून कान बसल्यात माझं. धा मिन्टं झाली. हॉटेलात चहाला थांबली हुती, आत्ताच घाटाला लागली.”

म्हणजे हॉटेलातला तो फोन कोणी उचलला असता, तर चहाला थांबलेल्या उदयला निरोप मिळाला असता.

घाटात दस्तगीरने इंजिन बंद केलं आणि गाडी उतारावर सोडली. “ऐका,” तो म्हणाला. “आता आवाज यील.”

आणि आला. खालच्या कुठल्यातरी वळणावरून, दरीतून वर चढत, तो ठेका. धप्, धप्, धप्. आयुष्यात मी त्या प्रकारच्या संगीताला नावंच ठेवली होती. त्या क्षणी मात्र त्याच्याइतकं दुसरं काही मला नको होतं. ते वाजत होतं, याचा अर्थ मागची बॅटरी शाबूत होती.

“वाजतंय, मास्तर! वाजतंय! गाठतो बघा आता.”

दुसरं वळण गेलं. तिसरं. ठेका जवळ आला, मग त्याचे शब्दही कळायला लागले.

आणि तो थांबला. गाणं संपलं म्हणून थांबला नाही, अर्ध्या शब्दावर तुटला.

“बंद केलं वाटतं,” दस्तगीर म्हणाला. “गाडी थांबवली असंल. बरं झालं.”

“बंद केलं नाही,” मी म्हणालो. “दस्तगीर, बंद केलेलं नाही. पळव.”

चौथ्या वळणावर व्हॅन दिसली. उदयने ती डावीकडे, दरीच्या कठड्याला अगदी घासून उभी केली होती आणि मागचं दार वर उघडून अ‍ॅम्प्लिफायरचं बटण दाबून पाहत होता. त्या व्हॅनला सरकतं दार डाव्या बाजूलाच होतं. ते उघडलं तरी कठड्यापर्यंत वीतभरच जागा होती. काचेतून सुजाता दिसली. तिच्या पायांखालून धूर येत होता, पिवळट आणि दाट.

“अरे, मास्तर?” उदय म्हणाला. “तुम्ही हितं? हे बघा की, साउंडच गेला…”

“सुजाताला पुढून बाहेर काढ!”

तेव्हा त्याने मान वळवून पाहिलं. त्याच्या तोंडून निघालेला आवाज मी कधीच विसरलो नाही. पुढच्या आसनावरून सरकत तानूमावशी चालकाच्या दाराने उतरत होत्या, त्या परत आत शिरल्या आणि त्यांनी सुनेच्या काखेत हात घातले. दस्तगीर चालकाच्या बाजूने आत गेला.

मी पेटीशी होतो. चार स्क्रू, करकचून आवळलेले. माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर नव्हता. दस्तगीरच्या पिशवीत टायर उपसायची पट्टी सापडली, ती झाकणाच्या फटीत घालून मी अंगाचा भार टाकला. पहिल्यांदा ती निसटली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा लाकूड फाटलं.

केबलचं आवरण वितळून बॅटरीवर ओघळत होतं. पाना शोधत बसलो असतो तर उशीर झाला असता. मी केबलच्या टोकाचा लग धरला आणि त्यावरचा नट हातानेच पिरगाळला. चाचणीपुरता हातानेच लावलेला नट होता तो, मी पुढे घट्ट करायचा म्हणून ठेवलेला. तो सुटला. तळहाताची कातडी त्यालाच राहिली.

आतली चटई पेटली होती. मागून आलेल्या ट्रकवाल्याने पाण्याचा कॅन ओतला, दस्तगीरने ओंजळीओंजळीने माती टाकली. पाच मिनिटांत सगळं विझलं. आसनाचा फोम खालून जळून काळा झाला होता.

सुजाता कठड्यावर बसून खोकत होती. पायाच्या घोट्याशी भाजलं होतं, पण ती पुन्हा पुन्हा पोटावर हात ठेवून म्हणत होती, “हलतंय. हलतंय, आई.” उदय तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला होता. मग तो उठला, माझ्याकडे आला आणि त्याने माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

“देव म्हणून आलासा, मास्तर. देव म्हणून. ट्रकवाले दादा, ह्यांच्या पाया पडा! हे नसते तर…”

ट्रकवाल्याने खरोखर हात जोडले. तेवढं एक मिनिट मी देव होतो, आणि खरं सांगतो, मला तसंच राहावंसं वाटलं.

तानूमावशींनी पदराने तोंड पुसलं. “पर मास्तर,” त्या म्हणाल्या, “तुम्ही आमच्या मागं आलासाच कशापायी?”

उदयने डोकं वर केलं.

“मागचा फ्यूज बसवायचा राहिला होता,” खिशातून तो काढून दाखवत मी म्हणालो. “तो असता तर फक्त गाणं बंद पडलं असतं.”

उदय सावकाश उभा राहिला. “म्हणजे? तुम्हीच? तुम्हाला ठाऊक हुतं?”

“गाडी गेल्यावर कळलं.”

“एवढंसं काळं, ते…” मावशींचा आवाज चिरकला. “ते ताटात हुतं ते? ते तर मी…”

“ताटात नव्हतं,” मी म्हणालो. “माझ्या खिशात राहिलं होतं. मी विसरलो.”

“अहो, पण मास्तर, ते तर…” दस्तगीरने तोंड उघडलं. मी भाजलेल्या हाताने त्याचं मनगट दाबलं.

उदयने मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “माझी बायको तुम्हाला इच्यारत हुती. तुम्ही सांगितलंसा, काय होणार न्हाई. निघा. माझ्या डोळ्यांपुढनं निघा.”

मावशी माझ्याकडे पाहत होत्या. कठड्यावरचा पाण्याचा तांब्या उचलून त्या जवळ आल्या आणि माझ्या तळहातावर धार धरली. पाणी संपेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.

सुजाताला चैत्रात मुलगी झाली, धडधाकट. उदयने ही हकीकत तालुकाभर सांगितली. सांगितली त्यात खोटं काहीच नव्हतं. दोन वर्षांत मी दुकान आवरलं. बाजारात समोर आला की तो रस्ता बदलायचा किंवा माझ्यासमोरच मोठ्याने दोन शिव्या हासडायचा. तानूमावशी दिसल्या की पदर डोक्यावर ओढून खाली बघत निघून जात.

अकरा वर्षांनी तो माझ्या घरी आला. डोकं मुंडवलेलं होतं. आईला जाऊन बारा दिवस झाले होते.

“शेवटचे चार दिवस तापात एकच बडबडत हुती,” उंबऱ्याबाहेरच उभा राहून तो म्हणाला. “म्हणायची, ताटातलं मीच काढलं, सुनेला मीच मारत हुते, मास्तरांनी माझं नाव झाकलं. खरं हाय का?”

“आत ये.”

“आधी सांगा. खरं हाय?”

मी त्याच्याकडे पाहिलं. अकरा वर्षं तो माणूस माझ्यावर रागावून सुखाने जगला होता. आता तो सगळा राग घेऊन तो आपल्या आईकडे निघाला होता, आणि ती उत्तर द्यायला उरली नव्हती.

“तापात माणूस काहीही बोलतं,” मी म्हणालो. “फ्यूज माझ्या खिशात होता. न पाहता गाडी सोडली ती मी.”

तो उंबऱ्यावर बसला, गुडघ्यांत तोंड घालून. त्याचे खांदे हलत होते. शेवटी नाक पुसत तो म्हणाला, “म्हणजे मी तुम्हाला अकरा वरसं शिव्या घातल्या, त्या बरोबरच हुत्या म्हणायच्या?”

“बरोबर होत्या,” मी म्हणालो.